उत्सवातील दारूकाम : प्रकाशाची परंपरा आणि आवाजाचा प्रश्न

जत्रेच्या रात्री देवाची पालखी सभामंडपातून बाहेर निघते, चौघड्यावर टिपरी पडते, सनईचे स्वर उठतात आणि त्याच क्षणी प्रांगणाच्या कडेला उखळी बार उडतो. दीपस्तंभाभोवती जमलेली मुले कानांवर हात ठेवतात. वडीलधारी माणसे ‘स्वारी निघाली’ असे म्हणून हात जोडतात. आणि अग्रशाळेच्या ओसरीवर नुकताच डोळा लागलेला एखादा वृद्ध महाजन दचकून उठून बसतो. एकाच आवाजाने कौतुक, भक्ती आणि त्रास ही तिन्ही घडतात. आणि देवस्थानांच्या उत्सवांतील दारूकामाविषयी आज जो वाद होतो, त्याचे मूळही यातच आहे.

एका पक्षाचे म्हणणे असे की, दारूकाम ही वाडवडिलांपासून चालत आलेली चाल आहे. तिला हात लावणे म्हणजे देवाच्या वैभवास उणेपणा आणणे होय. दुसरा पक्ष म्हणतो की, मूळ उत्सव दिव्यांचा. कानठळ्या बसविणारे बार ही मागाहून आलेली उपाधी आहे, ती जावी. दोन्ही पक्ष परंपरेचाच हवाला देतात. तेव्हा परंपरा नेमके काय सांगते, दारू आपल्या उत्सवांत केव्हा आली, ती प्रथम प्रकाशासाठी आली की आवाजासाठी, हे इतिहासाच्या आधारे पाहणे उचित ठरेल. इतिहास कोणाचा पक्ष घेत नाही; पण तो नीट वाचला असता निर्णय करणे सोपे जाते.

दिव्यांचा उत्सव

दारूचा शोध चीनमध्ये लागला आणि तिचे ज्ञान तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास भारतात पोहोचले, असे इतिहासकार मानतात. आपले प्रमुख उत्सव त्याहून कितीतरी जुने आहेत. सातव्या शतकातील श्रीहर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात दीपप्रतिपदोत्सवाचा उल्लेख आहे. इ. स. १०३० च्या सुमारास भारताविषयी ग्रंथ लिहिणाऱ्या अल्‌-बीरुनीने कार्तिकातील या सणाचे वर्णन केले आहे, त्यात स्नान, नवी वस्त्रे, देवदर्शन आणि असंख्य दिवे आहेत, दारू नाही. असणारही कशी?

धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत दीपावलीच्या दिवसांतील दोन विधी सांगितले आहेत, ते या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला उल्कादानाचा. हातात पेटते कोलीत धरून पितरांना परतीची वाट दाखवावयाची, अशी त्यामागील कल्पना. दुसरा अलक्ष्मी-निस्सारणाचा. अमावास्येच्या उत्तररात्री स्त्रियांनी सुपे आणि डिंडिम वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवावे, असा तो आचार. म्हणजे उत्सवात आवाजाला मुळीच स्थान नव्हते, असे म्हणणे खरे नव्हे. पण तो आवाज हाताने वाजविलेल्या सुपाचा होता. त्याने शेजारच्या घरातील तान्हे मूल फार तर कूस बदलीत असेल.

गोमंतकात तर ही प्रकाशाची परंपरा दगडात बांधून ठेवलेली आहे. येथील देवालयांसमोरील दीपस्तंभ हे आपल्या वास्तुशैलीचे वेगळेपण होय. श्रीमंगेशीचा सात मजली दीपस्तंभ दुरून येणाऱ्या भाविकाला प्रथम दिसतो आणि शिखराच्याही आधी मनात भरतो. प्रत्येक मजल्यावरील कोनाड्यांत पणत्या लावल्या की तो स्तंभ नुसता दगड-चुन्याचा राहत नाही. दिवजोत्सवात सुवासिनी पाच वातींचे दिवज हाती घेऊन रांगेने देवीला प्रदक्षिणा घालतात; त्या वेळी प्रांगणात पावलांचा आणि वाद्यांचा काय तो आवाज. साखळीजवळच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीच्या पाण्यावर सजविलेल्या दीपयुक्त नौका सोडतात. म्हार्दोळच्या श्रीमहालसेची जायांची पूजा तर केवळ सुगंधाचा उत्सव आहे. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणात डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडून नरकासुराचा वध करण्याची जी घरोघरची रीत, तिला तर वातीचीही गरज नाही. कारीट फुटल्याचा आवाज ज्याचा त्यालाच ऐकू येतो; पण असुर मेला याविषयी कोणाच्याही मनात शंका राहत नाही.

दारूचे आगमन

भारतातील दारूकामाच्या इतिहासाचा पद्धतशीर शोध घेण्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक (क्युरेटर), कै. परशुराम कृष्ण गोडे यांच्याकडे जाते. इ. स. १४०० ते १९०० या पाचशे वर्षांतील साधने धुंडाळून त्यांनी लिहिलेला प्रबंध १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गोळा केलेल्या पुराव्यांतील काही आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित आहेत.

इ. स. १४४३ मध्ये इराणच्या शाहरुख बादशहाचा वकील अब्दुर्रझ्झाक हा विजयनगरास होता. तेथील महानवमीचा उत्सव त्याने डोळ्यांनी पाहिला आणि त्यातील आतषबाजीचे प्रकार इतके होते की ते सारे सांगावयाचे तर फार विस्तार करावा लागेल, अशा आशयाची नोंद केली. हा उल्लेख गोमंतकीयांच्या दृष्टीने दूरचा नाही. त्या वेळी गोवा विजयनगरच्याच सत्तेखाली होता आणि अरबी घोडे राजधानीस जात ते गोव्याच्या बंदरातून. राजधानीतील उत्सवाची रीत प्रांतापर्यंत पोहोचण्यास वाट मोकळी होती.

सोळाव्या शतकाच्या आरंभी आलेला इटालियन प्रवासी व्हार्थेमा यानेही विजयनगरचे लोक दारूकामात मोठे वाकबगार असल्याचे लिहिले आहे. पण त्याने हे लिहिले ते हत्तींच्या प्रकरणी. हत्तींना आगीचे अतिशय भय वाटते आणि ते बिथरून पळू लागले की त्यांना आवरणे अशक्य होते, असे तो सांगतो. दारूकामाच्या कौतुकाबरोबरच मुक्या प्राण्यांच्या भयाची नोंद पाचशे वर्षांपूर्वीच झालेली आहे, हे विसरता कामा नये.

त्याच काळात ओडिशाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या नावावर असलेला ‘कौतुकचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. प्रतापरुद्रदेवाची कारकीर्द इ. स. १४९७ ते १५४० च्या सुमारापर्यंतची. या ग्रंथात दारूकामाचे पाठ दिले आहेत. सोरा, गंधक, कोळसा, लोखंडाचा कीस आदी द्रव्यांची प्रमाणे सांगितली आहेत. त्यातील प्रकारांची नावे पाहावीत : कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योती, चंपाबाण, पुष्पवर्ती. वृक्ष, चवरी, चंद्र, चाफा, फूल! या नावांत गडगडाट नाही, मेघनाद नाही. ही विद्या ज्यांनी जोपासली त्यांना आकाशात फुले फुलवावयाची होती, असाच या नावांवरून बोध होतो.

मराठी साहित्यातही त्याच शतकात श्रीएकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवरा’त कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहप्रसंगी हवाईपासून फुलबाजीसारख्या प्रकारांपर्यंत दारूकामाचे वर्णन केले आहे. देवाच्या लग्नाचे वैभव सांगताना संतकवीला ते घालावेसे वाटले, यावरून समाजात ही कला किती रुळली होती ते कळते. पुढे पेशवाईच्या अखेरच्या पर्वात महादजी शिंदे यांनी सवाई माधवराव पेशव्यांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगितले, ही हकिगत ‘पेशव्यांच्या बखरी’त आहे. कोट्याचा राजा चार दिवस लक्षावधी दिवे लावी आणि शहराबाहेर ‘दारूची लंका’ उभारी. तीत रावण, राक्षस, वानर आणि मारुती, सारे दारूचे. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो आकाशात उड्डाण करून लंका पेटवीत जाई. हे ऐकून तरुण पेशव्याला तसा देखावा पाहण्याची इच्छा झाली आणि पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी अंधाऱ्या रात्री तो घडवून आणला गेला. येथेही आकर्षण होते ते देखाव्याचे. रामायणातील एक प्रसंग अग्नीच्या रेषांनी आकाशात लिहिला जात होता.

तेव्हा दारूकाम परके आहे, आपल्या उत्सवांशी त्याचा संबंध नाही, असे जे कोणी म्हणतात त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून नाही. ते किमान पाचशे-सहाशे वर्षांचे आपले आहे. परंतु त्याचा जो भाग कवींनी, ग्रंथकारांनी आणि प्रवाशांनी विशेष वाखाणला, तो नेत्रांचा होता, कानांचा नव्हे.

आवाज कोठून आला

मग बार कोठून आले? याचे उत्तर दारूच्या स्वभावातच आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण मोकळे पेटविले तर ते भुर्रकन जळते, प्रकाश व धूर देते. तेच कागदाच्या, मातीच्या किंवा लोखंडाच्या कवचात ठासून कोंडले की जळताना झालेल्या वायूंना वाट मिळत नाही. कवच फुटते आणि बार होतो. भुईनळा आणि उखळी बार यांच्यातील भेद मुख्यतः या कोंडण्याचा आहे. कोंडलेल्या दारूची खरी जागा उत्सवाचे प्रांगण नव्हे, तोफेची नळी होय.

तोफेचा बार हा सत्तेचा आवाज होता. किल्ल्यावरून बार झाला की राजाची स्वारी आली, वारस जन्मला किंवा युद्ध जिंकले, असे रयतेने समजावे. देव हा भक्तांचा राजा. त्याला छत्र, चामर, अब्दागीर, चौघडा हे राजोपचार जसे मिळाले, तसाच सलामीचा बारही मिळाला, असे मानण्यास जागा आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत मराठी सत्तेच्या आश्रयाने आपल्या देवालयांना वैभव आले. नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार इ. स. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला, तर शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या प्रयत्नाने कवळ्यास श्रीशांतादुर्गेचे भव्य देवालय उभे राहिले. राजाश्रय आणि राजोपचार हे हातात हात घालूनच येतात.

गोमंतकात आणखी एक प्रवाह येऊन मिळाला. पोर्तुगिजांची गलबते बंदरात शिरताना तोफांनी वंदना देत. जुन्या गोव्यालगत पाणेली येथे त्यांचा दारूचा कारखाना होता, त्यास ते ‘काझा द पोल्व्हर’ म्हणत. चर्चच्या फेस्ताला ‘फोगेत’ म्हणजे बाण उडविण्याची आणि बार काढण्याची चाल त्यांच्या मायदेशातूनच आली. त्यामुळे आजही या भूमीत दारूकामाच्या आवाजाचा प्रश्न एका धर्माचा नाही. फेस्त आणि जत्रा दोहोंच्या दारात तो सारखाच उभा आहे.

आणि येथेच या प्रश्नाची एक नाजूक बाजू आहे, तिची दखल न घेणे अन्यायाचे होईल. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टी या महालांतील देवालये पाडली गेली आणि हिंदूंच्या सार्वजनिक उत्सवांना मनाई करणारी फर्माने एकामागून एक निघाली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची महालसा, लोटलीचा रामनाथ ही दैवते जुवारी ओलांडून अंत्रूज महालात आणावी लागली. ज्या समाजाला आपल्या देवापुढे उघडपणे वाद्य वाजविण्याचीही मुभा नव्हती, त्याला पुढे मोकळ्या आकाशाखाली देवाच्या नावाने बार काढता आला, तेव्हा त्या आवाजात केवढे समाधान असेल! १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक स्थापन झाले आणि हिंदूंना धर्माच्या बाबतीत समान वागणूक मिळू लागली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. जुन्या पिढीच्या मनात बाराचा आवाज हा मोकळेपणाचा आवाज म्हणून बसला असेल, तर त्याची थट्टा करणे योग्य नव्हे.

शिवाय त्याचा व्यवहारातही उपयोग होता. घरात घड्याळ नव्हते, ध्वनिवर्धक नव्हता. डोंगरापलीकडच्या वाड्यावरील कुळाव्याला पालखी निघाल्याची वर्दी बारच देत असे. पण हेही तितकेच खरे की, आज ती वर्दी प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनी देतो. आणि देव मोकळा आहे हे सिद्ध करण्यासाठी आता कोणाला बार काढावा लागत नाही. शिवाय ज्या पूर्वजांनी देव वाचविले, त्यांनी ते गाजावाजा करून वाचविले नाहीत. ती निष्ठा मुकी होती, म्हणूनच ती टिकली.

आवाजाची किंमत

जुना उखळी बार वर्षाकाठी ठरावीक प्रसंगी, ठरावीक संख्येने निघे. विसाव्या शतकात चित्र पालटले. तामिळनाडूतील शिवकाशी येथे फटाक्यांचे कारखाने वाढले आणि कागदी फटाका हा स्वस्त, मुबलक, कोणालाही विकत घेता येणारा माल झाला. हजारांच्या माळा निघाल्या. यजमान-यजमानांत, वाड्या-वाड्यांत चढाओढ लागली. देवाची सलामी मागे पडली आणि कोणाची माळ अधिक वेळ चालली याचीच चर्चा होऊ लागली.

या आवाजाचे मोजमाप आता झालेले आहे. केंद्र सरकारने १९९९ साली केलेल्या नियमानुसार फटाक्याचा आवाज फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलहून अधिक असता कामा नये. डेसिबलची मोजणी साध्या बेरजेसारखी नसते. दर १० डेसिबलांमागे आवाजाची तीव्रता दहापट वाढते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलांनी उतरतो. म्हणजे नियमात बसणारा फटाकादेखील ३२ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या कानी १०७ डेसिबलांच्या आसपास आदळतो. आणि आपली प्रांगणे तर तिन्ही-चारी बाजूंनी अग्रशाळांच्या भिंतींनी वेढलेली, तेथे आवाज परतून पुन्हा येतो. याउलट २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली आहे.

कानाची रचनाही येथे समजून घ्यावी. मोठा आवाज आला की मध्यकर्णातील बारीक स्नायू आवळले जातात आणि आतील कानाचे काही अंशी रक्षण करतात. पण त्यांना आवळण्यास क्षणाचा अवधी लागतो. बाराचा आवाज त्या अवधीआधीच आत शिरतो. आतील कानातील ध्वनिग्राहक केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वृद्ध, हृदयविकाराने पीडित, बाळंतीण, तान्हे मूल यांचे हाल सांगण्यास तर शास्त्राची गरज नाही. ज्या घरात असे माणूस आहे त्या घराला ते ठाऊक असते.

याहून भयंकर किंमत शेजारच्या केरळातील देवस्थानांनी मोजली आहे. १९५२ च्या जानेवारीत शबरीमला येथे दारूच्या स्फोटात साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १० एप्रिल २०१६ च्या पहाटे कोल्लम जिल्ह्यातील परवूरच्या पुट्टिंगल देवी मंदिरात दोन पक्षांच्या चढाओढीचे दारूकाम चालू असता ठिणगी साठ्यावर पडली. शंभराहून अधिक भाविक मरण पावले. जिल्हा प्रशासनाने त्या चढाओढीस परवानगी नाकारली होती, तरीही ती झाली. दोनच दिवसांनी केरळ उच्च न्यायालयाने सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत मोठ्या आवाजाच्या दारूकामास मनाई केली. तरीसुद्धा ऑक्टोबर २०२४ मध्ये कासरगोड जिल्ह्यातील नीलेश्वरम येथे देवळाच्या उत्सवात साठा पेटून दीडशेच्या आसपास माणसे होरपळली आणि त्यांतील काही दगावली. ही सारी माणसे देवदर्शनास आली होती. देवस्थानाच्या चालकांना रात्रीची झोप येऊ नये, असा हा इतिहास आहे.

न्यायालयांनीही वेळोवेळी आपले मत स्पष्ट केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निर्णयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाचे फटाके उडविण्यास बंदी घातली. दीपावली ही मुख्यतः पूजेशी निगडित आहे, फटाके उडविलेच पाहिजेत असे कोणत्याही धर्मग्रंथात सांगितलेले नाही, असा अभिप्राय त्या निर्णयात आहे. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निर्णयाने फटाक्यांच्या माळा आणि बेरियमचे क्षार वापरलेले फटाके यांवर बंदी आली व कमी धूर देणाऱ्या ‘हरित’ फटाक्यांना वाट दिली गेली. हे हरित फटाके विकसित करण्यात नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेचा पुढाकार होता. मात्र येथे एक गैरसमज टाळावा. हरित म्हणजे निःशब्द नव्हे. त्यांतील सूक्ष्म कणांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी, एवढाच त्याचा मुख्य अर्थ आहे. तसेच केवळ प्रकाशाचे दारूकामही धुरापासून सर्वस्वी मुक्त नाही. म्हणून आवाज कमी करताना प्रमाणही आवरावे लागेल.

बदल हीही परंपराच

देवस्थानांच्या रीती कधीच बदलल्या नाहीत, असे मानणे भाबडेपणाचे होईल. दीपस्तंभावरील तेलाच्या पणत्यांच्या जागी अनेक ठिकाणी विजेचे दिवे आले. सर्वांत बोलके उदाहरण घुमटाचे आहे. आपल्या आरतीचा प्राण असलेल्या या मातीच्या वाद्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे मढवीत. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि ते कातडे निषिद्ध झाले. घुमट बंद पडले काय? नाही. कारागिरांनी बकरीचे कातडे चढविले, वादकांनी हात बसविला, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा-वाद्याचा मान दिला. कातडे बदलले, आरती तीच राहिली. दारूकामाच्या बाबतीत याहून अधिक काही करावयाचे नाही.

तामिळनाडूतील वेट्टंगुडी येथील पक्षी-अभयारण्याच्या काठची गावे दीपावलीत फटाके उडवीत नाहीत. तळ्यावर दरवर्षी दुरून पाखरे येतात, त्यांची वीण असते. ती भिऊन उडून जाऊ नयेत म्हणून गावकऱ्यांनी स्वतःहून घातलेले हे बंधन आहे. ते गावकरी दीपावली पाळीत नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. परदेशात इटलीतील कोलेक्क्यो या गावानेही प्राण्यांना होणारा त्रास लक्षात घेऊन अलीकडच्या काळात कमी आवाजाचेच दारूकाम व्हावे असा नियम केला. आकाशातील फुलांचे कौतुक तेथेही संपले नाही.

निर्णय कोणाचा?

आपल्या देवस्थानांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर कोणा बाहेरच्याने द्यावे लागत नाही. पोर्तुगीज राजवटीत १९३३ साली झालेल्या ‘रेगुलामेन्त दास मझनियश’ या नियमावलीने देवस्थानांच्या कारभाराची घडी बसविली आणि मुक्तीनंतरही ती चालू राहिली. महाजनांची सर्वसाधारण सभा, तिने तीन वर्षांसाठी निवडलेली समिती, वार्षिक अंदाजपत्रक आणि प्रत्येक देवस्थानाचे स्वतःचे ‘कॉम्प्रोमिस’, या चौकटीत सारे चालते. उत्सवातील प्रत्येक खर्च महाजनांसमोर यावा, हा या व्यवस्थेचा गाभा होय. तेव्हा दारूकाम किती, कोणत्या प्रकारचे आणि कोणाच्या जबाबदारीवर, हा विषय चव्हाट्यावरील भांडणाचा नसून सभेच्या विषयपत्रिकेवरील आहे.

अशा सभेपुढे विचारार्थ काही गोष्टी मांडता येतील. पालखी निघतानाच्या सलामीचा मान राखावयाचा असेल तर तो रात्री १० पूर्वी, एका ठरावीक बाराने राखावा. माळा व चढाओढ बंद करावी. बाकीचे दारूकाम भुईनळे, चक्रे, चंद्रज्योती अशा प्रकाशाच्या प्रकारांपुरते, तेही बेताचे असावे. साठा प्रांगणात किंवा अग्रशाळेत कधीही ठेवू नये, आणि परवानाधारक जाणकाराखेरीज कोणाच्याही हाती बत्ती देऊ नये. ज्या यजमानाला देवापुढे दारूकाम करण्याची हौस असेल, त्याच्या नावाने दीपस्तंभाचा एक मजला उजळावा, किंवा तीच रक्कम चौघडा, सनई आणि घुमट-आरतीच्या पथकाला द्यावी. दारू क्षणात जळून जाते. वादकाच्या मुलाने आत्मसात केलेला ताल पुढची पिढी ऐकते. पिढ्यान्‌पिढ्या दारूकाम करणाऱ्या कारागिरांना वाऱ्यावर सोडू नये. त्यांच्यापाशी ‘चंपाबाण’ आणि ‘पुष्पवर्ती’ यांच्या जातीची जी कला असेल, तिला काम द्यावे. ठासून कोंडण्याच्या कामापेक्षा ती अधिक कौशल्याची आहे.

या सुधारणेला विरोध होईल, आणि विरोध करणारे देवाचेच भक्त असतील. त्यांना बाराच्या आवाजात आपले बालपण, वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेली पालखी आणि वर्षातून एकदा भेटणारे आप्त आठवतात. त्यांच्यावर नियम लादण्यापेक्षा त्यांना इतिहास सांगावा. पाचशे वर्षांपूर्वी ज्या ग्रंथकाराने दारूचे पाठ लिहिले, त्याने त्यांना चंद्राची आणि फुलांची नावे दिली होती, हे सांगावे. अग्रशाळेच्या ओसरीवर दचकून उठलेला तो वृद्ध महाजनही तितकाच भक्त आहे, हेही सांगावे. देवाची पालखी त्याच्याही दारावरून जाते.

पालखी निघावी, चौघडा वाजावा, घुमटावर थाप पडावी, आणि दीपस्तंभाच्या साती मजल्यांवर पणत्या उजळाव्यात. पालखी दारावरून जाते तेव्हा घरातील आजारी माणसाने भिऊन कानावर हात ठेवू नये, हात जोडावेत. उत्सवाचे फलित याहून निराळे काय असते?